वाचकांचे प्रश्न : दिव्यांगांसाठी केंद्र, नोंदणी आणि अनुदान

प्रश्न : आम्ही भांडुप-मुलुंड परिसरातील काही पालक आहोत. आमची मुले बौद्धिक दिव्यांग किंवा स्वमग्न आहेत. अठरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे त्यांची विशेष शाळा संपली असून घरी बसून ती शिकलेलेही विसरू लागली आहेत. त्यांच्यासाठी दिवसभराचे केंद्र काढावे, असे आम्ही ठरवले आहे. आमच्यापैकी एकांनी तळमजल्यावरचा गाळा देऊ केला आहे. सरकारी अनुदानासाठी कोणकोणती नोंदणी लागते, आणि ती मिळेपर्यंत केंद्र सुरू करून ठेवले तर चालेल का?
– एक आई, भांडुप

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण अनेक चांगल्या संस्था तिथेच अडकतात. नोंदणीशिवाय केंद्र सुरू करू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५० नुसार सक्षम प्राधिकाऱ्याचे, म्हणजे राज्य शासनाने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे, नोंदणी प्रमाणपत्र असल्याशिवाय दिव्यांगांसाठी संस्था स्थापन करता येत नाही किंवा चालवताही येत नाही. केंद्र फुकट चालवले, सगळी मुले आपल्याच ओळखीची असली, तरी ही अट सुटत नाही. तुमची घाई मला समजते, कारण घरी बसलेल्या मुलाचा प्रत्येक महिना पालकांना डोळ्यांसमोर वाया जाताना दिसतो. पण जी मुले आपल्याला काय झाले हे शब्दांत सांगू शकत नाहीत, त्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या जागेकडे बाहेरच्या कोणाचे तरी लक्ष असलेच पाहिजे, आणि या नोंदणीचा खरा अर्थ तोच आहे.

पहिली पायरी संस्थेला कायदेशीर अस्तित्व देण्याची आहे. सार्वजनिक न्यास, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालील सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील कंपनी, असे तीन मार्ग आहेत. पालकांच्या गटाला मी बहुधा पहिल्या दोहोंपैकी एक सुचवतो. आपल्या राज्यात न्यास आणि सोसायटी या दोन्हींची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली होते आणि मुंबईतील संस्थांसाठी हे काम वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात चालते. उद्देशांच्या कलमात दिव्यांग व्यक्तींचे प्रशिक्षण, देखभाल आणि पुनर्वसन यांचा स्पष्ट उल्लेख असावा, कारण ‘समाजसेवा’ एवढ्याच मोघम उद्देशावर पुढे प्रत्येक टेबलावर प्रश्न विचारले जातात. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत तो बदल कळवणारा चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा असतो. तो वर्षानुवर्षे प्रलंबित राहिला, तर शेड्यूल वनच्या, म्हणजे तिथल्या न्यास-नोंदवहीच्या, उताऱ्यावर जुनीच नावे दिसतात, सही करणारे विश्वस्त त्यात नसतात आणि अनुदानाचा प्रस्ताव एवढ्यावरून परत येऊ शकतो. गाळा देणारे पालक स्वतः विश्वस्त होणार असतील, तर जागेचा नोंदणीकृत करार करा, भाडे घेणार की नाही हे ठरावात लिहून ठेवा आणि गृहनिर्माण सोसायटीची ना हरकत लेखी घ्या. ओळखीतला व्यवहार म्हणून कागद न करण्याची आपल्याकडची सवय अशा कामात फार महागात पडते.

दुसरी पायरी म्हणजे वर सांगितलेले प्रमाणपत्र. महाराष्ट्रात हा विषय पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे आहे. तपासणीला येणारे अधिकारी पटावरील मुलांची संख्या, त्यांची यूडीआयडी (दिव्यांगत्वाची देशभर चालणारी ओळखपत्रे) कार्डे, जागा, स्वच्छतागृह, अग्निसुरक्षा आणि कर्मचाऱ्यांची पात्रता पाहतात. चाकाची खुर्ची गाळ्याच्या दारातून आणि स्वच्छतागृहात जाते का, हे तुम्ही आजच मोजून पाहा. मुंबईतल्या जुन्या इमारतींत बहुतेक वेळा इथेच अडचण येते आणि एकदा पैसे खर्च झाल्यावर ती दुरुस्त करणे कठीण जाते.

कर्मचाऱ्यांबाबत तडजोड करू नका. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांची नावे भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागतात. परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार तशी नोंद नसताना हा व्यवसाय करणे दंडनीय आहे. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्या परिषदेखाली येत नाहीत. त्यांच्यासाठी राज्याची स्वतंत्र परिषद आहे. मदतनीस आणि गाडीचालक यांची पोलीस पडताळणी करून घ्या. तुमची मुले ज्यांच्यासोबत एकटी असतात, ते बहुधा हेच लोक असतात.

तिसरी पायरी राष्ट्रीय न्यासाची. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेला हा न्यास स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी काम करतो. पालकांच्या संघटनेला तिथे नोंदणी करता येते. दिवसभराच्या देखभालीसाठी त्यांची ‘विकास’ योजना होती, ती आता ‘दिशा-कम-विकास’ या एकत्रित योजनेत आली आहे. एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्याच्या ‘निरामय’ योजनेत परिसरातील कुटुंबांची नावे नोंदवणे आणि अठरा वर्षांवरील मुलांच्या कायदेशीर पालकत्वाच्या अर्जासाठी मदत करणे, ही कामे नोंदणीकृत संस्था अनुदानाची वाट न पाहता करू शकते. माझ्या मते तुम्ही सुरुवात इथूनच करावी, कारण अनेक घरांत या दोन्ही सोयींची माहितीच पोहोचलेली नसते.

आता पैशांविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये शासन नोंदणीकृत संस्थांना आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत साहाय्य देऊ ‘शकते’, एवढेच म्हटले आहे. म्हणजे प्रमाणपत्रामुळे तुम्ही पात्र ठरता. अनुदान तुमचा हक्क होत नाही. केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेसाठी संस्थेला किमान दोन वर्षे झालेली असावी लागतात, स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक लागतो, आणि अर्ज ऑनलाइन केला तरी जिल्ह्याची तपासणी व राज्याची शिफारस झाल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. मुंबईत जिल्हा परिषद नसल्यामुळे इतर जिल्ह्यांतल्या ओळखीच्या संस्थेने सांगितलेली वाट तुम्हाला जशीच्या तशी लागू पडणार नाही. शिवाय शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत आणि तुमचे केंद्र उपनगर जिल्ह्यात येते. पहिली दोन वर्षे पालकांची वर्गणी आणि देणग्या यांवरच केंद्र चालवावे लागेल, असे धरून अंदाजपत्रक करा. त्यासाठी आयकर कायद्याखालची सेवाभावी संस्थेची आणि देणगी-सवलतीची नोंदणी (१९६१ च्या कायद्यातील १२-एबी आणि ८०-जी) लवकर घ्या, म्हणजे देणगीदारांना सवलत देता येईल.

प्रश्न : मी विशेष शिक्षिका असून दादरला घरातल्या एका खोलीत मुलांना स्वतंत्रपणे शिकवते. मलाही संस्थेची नोंदणी करावी लागेल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : तुमची पुनर्वास परिषदेची नोंदणी चालू असेल आणि एकेका मुलाला ठरलेल्या वेळी तुम्ही स्वतः शिकवत असाल, तर तो तुमचा व्यक्तिगत व्यवसाय आहे, असे माझे मत आहे. मात्र दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील संस्थेची व्याख्या व्यापक असून तीत देखभाल, शिक्षण, प्रशिक्षण आणि पुनर्वसन हे सगळे येते. त्यामुळे मुलांना गटाने दिवसभर ठेवून घेण्याचा किंवा हाताखाली माणसे नेमण्याचा विचार मनात आला, तर ते करण्याआधीच अर्ज करा.

प्रश्न : आमच्या संस्थेने नोंदणीसाठी अर्ज केला, पण काहीच कळवले जात नाही. किती काळ थांबावे?
– एक विश्वस्त, चेंबूर

उत्तर : अर्ज मिळाल्यापासून नव्वद दिवसांत निर्णय द्यावा, असे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम ५१ सांगते. अर्ज नाकारायचा असेल, तर आधी तुमचे म्हणणे ऐकून घेणे आणि नकाराचा आदेश लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि त्यावर कलम ५३ खाली अपील करता येते. अर्जाची तारीख असलेली पोच तुमच्याकडे असेल, तर आजच लेखी स्मरणपत्र द्या आणि त्याचीही पोच घ्या. पोच नसेल, तर अर्ज पुन्हा दाखल करून या वेळी ती घेतल्याशिवाय परतू नका. प्रमाणपत्र हाती आल्यावर त्याची मुदत संपण्याची तारीख लगेच नोंदवून ठेवा, कारण नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान साठ दिवस आधी द्यावा लागतो.