वाचकांचे प्रश्न : जावाच्या असाइनमेंटमध्ये मदत कुठवर करावी?

प्रश्न : मी म्हापशातील एका महाविद्यालयात बी.सी.ए.च्या तिसऱ्या सत्रात शिकते. आम्हांला जावा या प्रोग्रामिंग भाषेची असाइनमेंट मिळाली आहे. पाच विद्यार्थ्यांची नावे आणि प्रत्येकाचे तीन विषयांतील गुण वापरकर्त्याकडून घ्यायचे, प्रत्येकाची सरासरी काढायची आणि शेवटी विचारलेल्या नावाचा विद्यार्थी यादीतून शोधून दाखवायचा, असे तिचे स्वरूप आहे. चतुर्थीच्या सुट्टीनंतर लगेच ती द्यायची आहे. मला हा विषय बऱ्यापैकी समजतो, त्यामुळे मैत्रिणी व्हॉट्सअ‍ॅपवर माझा प्रोग्राम मागतात. मागच्या वेळी मी तो दिला, तर चौघींचे प्रोग्राम व्हेरिएबलच्या (माहिती साठवायच्या जागांच्या) नावांसकट एकसारखे निघाले आणि सरांनी आम्हां सर्वांनाच समज दिली. आता नाही म्हटले तर मी भाव खाते असे त्यांना वाटेल आणि दिला तर पुन्हा तेच होईल. मी काय करावे?
— एक विद्यार्थिनी, बार्देश

उत्तर : तुम्ही प्रोग्राम देणे आणि मदत नाकारणे असे दोनच मार्ग डोळ्यांसमोर ठेवले आहेत, म्हणून हा पेच अवघड वाटतो. तुमचा प्रोग्राम कोणालाही पाठवू नका; मात्र मैत्रिणीने स्वतः लिहिलेला प्रोग्राम, मग तो चार ओळींचा का असेना, समोर ठेवून तिच्याबरोबर अवश्य बसा. मागणी आली की "तुझा जेवढा झाला आहे तेवढा पाठव आणि तो कुठे अडतो ते लिही" एवढेच उत्तर द्या. ज्या मैत्रिणीने काहीच सुरू केलेले नसेल, तिला एकाच विद्यार्थ्याचे नाव घेऊन ते पडद्यावर छापण्यापुरता प्रोग्राम लिहायला सांगा आणि तो चालेपर्यंत तिच्यासोबत राहा. हा नकार नव्हे, हे कोणत्याही मैत्रिणीला लगेच कळते.

पूर्ण झालेला प्रोग्राम नवशिक्याला फारसे काही शिकवत नाही, कारण तो तयार होताना ज्या ओळी चुकल्या, खोडल्या आणि बदलल्या त्या त्यात उरलेल्या नसतात. शिकणे नेमके त्या ओळींपाशी घडते. तुमच्या असाइनमेंटमध्ये अशा तीन जागा हमखास येतात. त्यांतील पहिलीवर मी अधिक बोलणार आहे, कारण मदत कशी करावी हे तिच्यातून सर्वांत स्पष्ट दिसते.

मैत्रीण सांगेल की पहिल्या विद्यार्थ्याचे सगळे बरोबर होते, पण दुसऱ्याच्या वेळी "नाव द्या" ही सूचना दिसते आणि नाव टाइप करण्याआधीच प्रोग्राम गुण विचारू लागतो. याचे कारण असे की स्कॅनरचे (की-बोर्डवरून वाचण्याच्या जावातील सोयीचे) नेक्स्टइंट, म्हणजे पूर्णांक वाचण्याची आज्ञा, फक्त अंक उचलते. अंकानंतर दाबलेल्या एंटरची खूण मागेच राहते. लूपच्या (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेच्या) पुढच्या फेरीत नेक्स्टलाइन, म्हणजे पूर्ण ओळ वाचण्याची आज्ञा, येते तेव्हा तिला ती उरलेली खूण सापडते, ती रिकामी ओळ वाचून मोकळी होते आणि नावाच्या जागी काहीच येत नाही. "गुण घेतल्यावर एक जादा नेक्स्टलाइन टाक" असे सांगितले तर काम अर्ध्या मिनिटात होईल, पण पुढच्या असाइनमेंटला तीच मैत्रीण त्याच अडचणीसाठी पुन्हा फोन करील. त्याऐवजी नाव वाचून झाल्यावर लगेच त्या नावाची लांबी छापायला सांगा. पहिल्या फेरीत नावातील अक्षरांचा आकडा येईल आणि दुसऱ्या फेरीत शून्य. तो शून्य तिला स्वतःला दिसू द्या, आणि मग विचारा : "नाव वाचलेच गेले नाही, की रिकामे वाचले गेले?" या प्रश्नाचे उत्तर तिने दिले की दुरुस्ती तिला बहुधा स्वतःच सुचते. जादा नेक्स्टलाइन हा एक उपाय झाला. सगळेच नेक्स्टलाइनने वाचून गुणांचे मजकुरातून अंकांत रूपांतर करणे हा दुसरा. कोणता घ्यावा हे तिला ठरवू द्या. तिथेच चौघींचे प्रोग्राम वेगळे होऊ लागतात, आणि तेही मुद्दाम व्हेरिएबलची नावे न बदलता.

दुसरी जागा सरासरीची. गुण ७२, ६८ आणि ७५ असतील तर बेरीज २१५ होते आणि सरासरी ७१.६७ च्या आसपास यायला हवी. पडद्यावर मात्र ७१.० दिसते. "मी व्हेरिएबल डबल (दशांश संख्या ठेवणारे) घेतले आहे, तरी असे का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो. पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की जावा दशांश भाग टाकून देते, आणि डबल व्हेरिएबलकडे उत्तर पोहोचते ते हा भाग गळून गेल्यानंतर. भागाकारात ३ ऐवजी ३.० लिहिले की प्रश्न सुटतो. येथे आधी बेरीज कागदावर करून उत्तर काय यायला हवे ते लिहून घ्यायला सांगा. अपेक्षित उत्तर माहीत नसलेली विद्यार्थिनी ७१.० बरोबरच समजून पुढे जाते.

तिसरी जागा नाव शोधण्याची. दोन नावे दोन बरोबर चिन्हांनी (==) ताडली तर ती डोळ्यांना सारखी दिसत असूनही प्रोग्राम "सापडले नाही" म्हणतो, कारण ते चिन्ह दोन्ही बाजूंना एकच वस्तू आहे का एवढेच पाहते. मजकूर ताडण्यासाठी इक्वल्स ही आज्ञा वापरावी लागते. यात एक फसवी गोष्ट आहे. नावे प्रोग्राममध्येच अवतरणचिन्हांत लिहिली असतील तर जावा सारख्या मजकुरासाठी एकच वस्तू वापरते, म्हणून तेथे चुकीची पद्धतही बरोबर उत्तर देते. "माझ्याकडे तर चालते" हा वाद अनेकदा यातूनच होतो. तेव्हा दोघींनीही नाव की-बोर्डवरून घेऊन तपासावे.

एक गोष्ट मनापासून सांगते : सरांशी आधीच बोला. एकत्र बसून चर्चा करायला हरकत आहे का, असे सुट्टीपूर्वी विचारा, आणि परवानगी असेल तर प्रत्येकीने प्रोग्रामच्या वरच्या बाजूला टिप्पणीत "नाव वाचण्याची अडचण अमुक मैत्रिणीशी बोलून सोडवली" असे सरळ लिहावे. दोन तिरप्या रेघांनंतरचा मजकूर कंपायलर (प्रोग्राम तपासून तो चालवण्याजोगा करणारे साधन) वाचत नाही, सर मात्र वाचतात, आणि तोंडी परीक्षेत त्याच ओळीवर प्रश्न आला तर उत्तर देणे तुमच्यातील प्रत्येकीला जमले पाहिजे. अभ्यासक्रमाचे नियम याहून कडक असतील तर तेच पाळावेत.

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातील आहे. चौथीपर्यंत मराठीतून शिकलो आणि पुढचे शिक्षण इंग्रजीतून झाले. जावाच्या लॅबमध्ये माझ्या पडद्यावर एकदम पंधरा-वीस चुका दिसतात आणि मी गोंधळतो. शेजारच्या मित्राला विचारले की तो की-बोर्ड स्वतःकडे ओढून दोन मिनिटांत सगळे ठीक करून देतो, पण त्याने काय बदलले ते मला कळत नाही. पुन्हा विचारायला संकोच वाटतो.
— एक विद्यार्थी, वाळपई

उत्तर : वीस चुका दिसल्या म्हणजे तुम्ही वीस ठिकाणी चुकलात असे नाही. एक कंस किंवा अर्धविराम राहिला की कंपायलरचा पुढचा सगळा हिशेब बिघडतो. म्हणून फक्त सर्वांत वरची चूक वाचा, ती दुरुस्त करा आणि पुन्हा कंपाइल करा. "कॅनॉट फाइंड सिंबॉल" आले तर त्याखालच्या ओळींत कोणते नाव सापडले नाही ते छापलेले असते. त्या नावाचे स्पेलिंग आणि लहान-मोठी अक्षरे तपासा, ते व्हेरिएबल एखाद्या महिरपी कंसाच्या आत जाहीर करून बाहेर वापरले आहे का ते पाहा. आणि ते नाव स्कॅनर असेल तर वरची इम्पोर्टची (स्कॅनर कुठून घ्यायचा हे सांगणारी) ओळ राहिली आहे. "रीच्ड एंड ऑफ फाइल व्हाइल पार्सिंग" ही चूक शेवटच्या ओळीवर दाखवली जाते, पण न मिटलेला कंस बराच वर असू शकतो, त्यामुळे शेवटच्या ओळीकडे पाहत बसू नका.

भाषेबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. जावातील राखीव शब्द सुमारे पन्नास आहेत आणि पहिल्या सत्रात त्यांतील निम्मेही लागत नाहीत. प्रत्येक ओळ काय करते ते मित्राला मराठीत किंवा कोकणीत सांगा, टिप्पण्याही खुशाल मराठीत लिहा. जावा व्हेरिएबलला देवनागरी नावसुद्धा चालवून घेते, पण प्रोग्राम इतरांनाही वाचायचा असतो, म्हणून नावे रोमन लिपीत ठेवलेली बरी.

मित्राला विचारताना "चालत नाही" असे म्हणू नका. वरची चूक जशीच्या तशी वाचून दाखवा, ती कितव्या ओळीवर आहे ते सांगा आणि तुम्ही आतापर्यंत काय करून पाहिले तेही सांगा. तो की-बोर्डकडे हात नेऊ लागला तर "तू सांग, मी टाइप करतो" असे मोकळेपणाने म्हणा. चांगल्या मित्राला याचा राग येत नाही. दुरुस्ती चालली की ती ओळ पुसा आणि न पाहता पुन्हा लिहा, आणि तेवढा वेळ त्याला शेजारीच थांबायला सांगा.