हॉलमधला केबल मोडेम माडीवरच्या खोलीत आणि तिथला टीव्ही हॉलमध्ये, अशी अदलाबदल चालेल का? (दांडिया बाजार, वडोदरा)

चालेल, पण वरच्या पॉइंटला टीव्ही दिसतो म्हणून मोडेमही चालेलच असं नाही. टीव्हीला सिग्नल फक्त घ्यायचा असतो. मोडेमला तो परतही पाठवावा लागतो. वाटेत टीव्हीसाठी बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारा डबा, असेल तर परतीचा सिग्नल बहुधा तिथेच अडतो. जुन्या वाड्यात असा डबा जिन्याखालीही असू शकतो.

आधी स्प्लिटर, म्हणजे एका वायरच्या दोन-तीन वाटा करणारी डबी, शोधा. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक बाजूला साधारण ३.५ डीबी (डेसिबल, सिग्नलचं माप) सिग्नल कमी होतो. तीन तोंडांच्यात बहुधा एकाला ३.५ आणि उरलेल्या दोघांना ७. मोडेमची वायर कमी तोट्याच्या तोंडाला लावा, टीव्ही सहसा निभावून नेतो. स्प्लिटरवर ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलेलं हवं. फक्त टीव्हीसाठीचे स्वस्त स्प्लिटर मोडेमला कुचकामी. रिकाम्या तोंडाला ७५ ओहमचं टर्मिनेटर (तोंड बंद करणारं टोपण) लावा. वायर आरजी-६ प्रकारची कोअ‍ॅक्स केबल असावी.

छत्रीची, म्हणजे डीटीएचची वायर असेल तर विषय संपला, त्यावर केबल मोडेम चालत नाही.

मोडेम हलवल्यावर काही मिनिटं थांबा. मोडेमचा दिवा लुकलुकतच राहिला तर केबलवाल्याला बोलवा आणि सिग्नल मोजायचा मीटर आणायला सांगा.