टेकऑफला इंजिन गेलं तर

पुढच्या महिन्यात तुझं फ्लाइंग सुरू होतंय, म्हणून हे आत्ताच सांगतो. जमीन सोडल्यावर चार-पाचशे फुटांच्या आत इंजिन बसलं, तर वळून धावपट्टीवर परत यायचा मोह होतो. तो आवर. अर्धी फेरी मारून भागत नाही, धावपट्टीची रेघ पुन्हा पकडायला अजून वळावं लागतं. घाईत विमान ४५ अंश कलवलंस की स्टॉल स्पीड, म्हणजे ज्याखाली पंख विमान उचलून धरत नाहीत तो वेग, सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, आणि खाली सावरायला उंचीच उरत नाही. आधी नाक खाली. सेसना १५२ या शिकाऊ विमानाला ६० नॉट वेग धर आणि समोरच, फार तर थोडं डावं-उजवं, जागा शोध. मुंबईच्या जुहू विमानतळाच्या पश्चिमेला समुद्र तरी आहे, पूर्वेकडे नुसत्या इमारती. तेव्हा हा विचार विमानात बसण्याआधीच झालेला बरा.

पावसाळ्यात इंधनाचा नमुना काढायचा कंटाळा करू नकोस. टाकीत पाणी शिरलं असेल तर कपात ते तळाशी बसतं, मधे रेघ दिसते. पण अख्खा कप पाण्याचाच असेल तर रेघ कुठून दिसणार? म्हणून निळा रंग बघ, वास घे. हंड्रेड एलएल, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, निळंच असतं.

अर्धी धावपट्टी संपली आणि लिफ्ट-ऑफच्या, म्हणजे जमीन सोडायच्या, वेगाच्या ७० टक्के मिळाले नाहीत, तर थ्रॉटल सरळ मागे ओढ आणि टेकऑफ सोडून दे. इन्स्ट्रक्टर काय म्हणतील ते नंतर बघू. चांगला असेल तर चहा पाजेल.