अमरावतीहून इंग्लंडात क्रीडा व्यवस्थापनात यायचं म्हणताय, तर

तुम्ही लिहिलंय: अमरावतीचं एम.पी.एड., कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक, आता इंग्लंडातल्या लफबरो विद्यापीठात स्पोर्ट मॅनेजमेंटची एमएस्सी करायची. इंग्लंडमध्ये या क्षेत्रात वरिष्ठ व्यवस्थापक व्हायला किती वर्षं लागतील, आणि आठवीतल्या मुलाचं कसं करावं? चार ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो. मुलाच्या वाक्यापाशी अडकलो आणि हे लांबलं.

फी, भाषेची परीक्षा, बँकेत किती रक्कम हवी, हे सगळं सरकारी संकेतस्थळावर आहे, ते मी लिहीत नाही. फक्त दोन गोष्टी, कारण एजंट त्या पैसे घेतल्यावर सांगतात. जानेवारी 2024 पासून संशोधनाच्या नव्हे, तर वर्गात शिकवल्या जाणाऱ्या एमएस्सीला येणाऱ्याला बायकामुलं बरोबर आणता येत नाहीत. आणि जुलै 2025 पासून नोकरीच्या व्हिसाला साधारण 41,700 पौंड पगार लागतो, शिवाय कामही पदवीच्या दर्जाचं मानलं गेलेलं हवं. स्विमिंग पूलच्या ड्यूटी मॅनेजरचा पगार याच्या बराच खाली असतो. तुम्हाला हवं ते पद अशा कामांच्या सरकारी यादीत बसतं का, हे फी भरायच्या आधी बघा.

माझी वाट तुमच्या कामाची नाही. मी 2016 मध्ये आलो तो बायकोच्या व्हिसावर. ती नर्स, तिला इथे रुग्णालयात नोकरी लागली आणि कागदावर मी तिच्यावर अवलंबून असलेला नवरा. पुण्यात एका क्लबचा पूल आणि जिम मी सांभाळायचो, हाताखाली बरीच माणसं होती. इथे विशीतल्या पोरांबरोबर जीवरक्षकाची परीक्षा देऊन शिट्टी गळ्यात घातली. घरी फोनवर ‘स्पोर्ट्स सेंटरला मॅनेजमेंटमध्ये आहे’ असं सांगायचो. आईला खरं अजून माहीत नाही. आता खरोखरच मॅनेजमेंटमध्ये आहे, तर सांगण्यात अर्थही उरला नाही.

शिट्टीपासून आजच्या खुर्चीपर्यंत, म्हणजे काही केंद्रांच्या एरिया मॅनेजरपर्यंत, आठेक वर्षं गेली. त्यातलं कोविडचं दीड वर्ष धरू नका. पण या खुर्चीत खेळ फारसा नसतो, हे एमएस्सीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. इथले बहुतेक सार्वजनिक पूल नगरपालिकांचे, आणि चालवतात धर्मादाय ट्रस्ट किंवा खासगी ठेकेदार, वर्षानुवर्षांच्या करारावर. पूल चालवणं हे नगरपालिकेचं कायद्याने बंधनकारक काम नाही. त्यामुळे पैसा आटला की पहिली नजर आमच्याकडे वळते. 2022 मध्ये गॅसची बिलं आली तेव्हा मी लहान पूल एका अंशाने थंड करायचा की नाही यावर तीन बैठका ऐकल्या. पुढच्या वर्षी सरकारने पूल वाचवायला 63 दशलक्ष पौंडांचा निधी काढला, तेव्हा कुठे श्वास घेतला. केंद्र जगतं ते मुलांच्या पोहण्याच्या वर्गांवर आणि जानेवारीत जिमला नाव घालून मार्चमध्ये यायचं बंद करणाऱ्या, पण हप्ता चालू ठेवणाऱ्या लोकांवर. मुलाखतीत हे आकडे बोलता आले पाहिजेत.

आणि पाणी. ड्यूटी मॅनेजर दर काही तासांनी पुलातलं पाणी छोट्या नळीत घेतो, गोळी टाकतो, रंग बघून क्लोरीन लिहितो, पीएच लिहितो. एखाद्या पोराला पाण्यात जुलाब झाला, की अख्खा पूल बंद. सगळं पाणी गाळणीतून सहा वेळा फिरेपर्यंत उघडायचा नाही. शनिवारी सकाळी वर्ग भरलेले, बाहेर आया रांगेत, आणि हे त्यांना हसतमुखाने सांगायचं. हे ज्याने केलंय त्यालाच पुढे मॅनेजर करतात, आणि ते बरोबरच आहे.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. आपल्या लोकांना इथे आल्या आल्या ‘कम्युनिटी’ची पदं मिळतात. दक्षिण आशियाई लोक कमी हालचाल करतात असं स्पोर्ट इंग्लंड या खेळांना निधी देणाऱ्या सरकारी संस्थेच्या पाहण्यांत दिसतं, म्हणून आपल्यातलाच कुणीतरी हवा असतो: बायकांसाठी वेगळं पोहणं, आजीआजोबांचा चालण्याचा गट. काम फार चांगलं, माझं मन अजून त्यातच आहे. पण पद निधी असेपर्यंतचं, हातात बजेट नाही, आणि वरची खुर्ची बजेट सांभाळलेल्यालाच मिळते. निधी संपला की फोटो काढून टाळ्या वाजवतात. एखाद्या स्थानिक ट्रस्टवर विनावेतन विश्वस्त व्हा, ते जास्त उपयोगी पडेल. मोठा सरकारी निधी घेणाऱ्या क्रीडा संघटनांना 2016 च्या नियमावलीपासून किमान पाव संचालक बाहेरचे, स्वतंत्र घ्यावे लागतात. अशा ठिकाणी ओळखी होतात. सिम्स्पा ही या व्यवसायाची सनदी संस्था लफबरोलाच आहे, शिकत असतानाच तिचे सभासद व्हा.

कागदपत्रांबद्दल लिहायला बसलो तर रात्र जाईल. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. इथल्या कारकुनाने आडनाव हेच नाव धरलं, पोलिसांकडच्या चौकशीत एक क्रम, पासपोर्टवर दुसरा, आणि मी दोन वेगळी माणसं नाही हे सिद्ध करण्यात उन्हाळा गेला. ओळखपत्रावरही तेच छापून आलं. सहकारी कित्येक महिने मला शाळेतल्या मास्तरांसारखी आडनावाने हाक मारत होते. निघण्याआधी एकाच क्रमाने नाव असलेलं प्रतिज्ञापत्र आणि पोलीस प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

आता मुलगा. तुम्हाला नोकरीचा व्हिसा मिळेपर्यंत तो दहावीच्या वयाचा होईल, आणि यायला ती सगळ्यात वाईट वेळ. माझी लेक चौदाव्या वर्षी आली. विषय निवडून झाले होते, वर्गांत जागा नव्हती. घरी मराठी बोलतात एवढं फॉर्मवर वाचून तिला गणिताच्या खालच्या गटात बसवलं, एकही गणित न घालता. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेला, त्या गटाचा पेपर वेगळा असतो. सगळं बरोबर आलं तरी 9 पैकी 5 च्या वर श्रेणी मिळत नाही, आणि मग पुढे गणित घ्यायची वाट बंद होते. पुण्याच्या वह्या घेऊन मी दोनदा भेटायला गेलो. शिक्षिका गोड बोलल्या, म्हणाल्या, ‘तिला रुळू द्या.’ ती रुळली. आज चांगली नोकरी करते, इंजिनिअरिंगची नाही, आणि तिची काही तक्रार नाही. तक्रार माझी आहे. तुम्ही आलात तर पहिल्याच दिवशी लेखी चाचणी मागा, आणि ‘रुळू द्या’ कुणी म्हणालं तरी खुर्चीतून उठू नका.

एकटेपणाचं सगळे विचारतात. विशेष काही नाही. शनिवार-रविवार कामावर जायचं, सुट्टी मंगळवारी घ्यायची, म्हणजे जाणवत नाही.

परत जावंसं वाटतं का? पुण्याच्या क्लबने एकदा विचारलं होतं. लेकीची परीक्षा होती, नाही म्हणालो. पुन्हा त्यांनी विचारलं नाही, मीही नाही.

नोकरीच्या अर्जाबरोबर जे निवेदन लिहायचं असतं ते लिहिलंत की मला पाठवा, वाचून देईन. जाहिरातीतल्या एकेका अटीला एकेक प्रसंग, एवढंच त्यात हवं, पदकांची यादी नको. तुमच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू 1936 ला बर्लिनला गेला होता, हे मला ठाऊक आहे आणि अभिमानही आहे, पण पहिल्या परिच्छेदात बर्लिन असेल तर आधीच खोडून ठेवा.