विमान पाडण्याचा हुकूम आणि वैमानिकाची मान

प्रश्न : माझा मुलगा हवाई दलात फायटर पायलट आहे. सुट्टीवर आला असताना जेवताना विषय निघाला : अपहरण झालेलं प्रवासी विमान शहरावर चाल करून आलं आणि ते पाडायचा हुकूम सुटला तर? ‘हुकूम म्हणजे हुकूम’ एवढंच बोलून तो पानावरून उठला. माझी मात्र झोप उडाली आहे. आतल्या निरपराध माणसांसाठी उद्या त्याच्यावर खुनाचा खटला होईल का? त्यानं नकार दिला तर? असा हुकूम लेखी मागावा का?

उत्तर : आधी शेवटचा प्रश्न. लेखी मागायला वेळच नसतो. ११ सप्टेंबर २००१ ला पहिल्या अपहरणाची खबर अमेरिकी हवाई संरक्षणाला पोचली, तेव्हा विमान इमारतीवर आदळायला जेमतेम नऊ मिनिटं होती. ट्रान्सपॉन्डर (विमानाची ओळख आणि उंची रडारला कळवणारं यंत्र) बंद केलेला, म्हणजे रडारवर ना ओळख ना उंची, ढीगभर ठिपक्यांतला एक ठिपका. चौथ्या विमानाचं अपहरण झाल्याचं तर ते कोसळल्यावर लष्कराला कळलं. पाडण्याची परवानगी १०.३१ ला खाली आली, तोवर चारही विमानं संपली होती. आणि तीही अधिकाऱ्यांनी आकाशातल्या वैमानिकांना कळवली नाही, कारण वैमानिकांनी नेमकं करायचं काय, हेच अधिकाऱ्यांना उमगेना.

आता खटला. भारतीय न्याय संहितेचं कलम १४ (जुन्या दंडसंहितेचं ७६) सांगतं की कायद्यानं बांधील असलेल्या, किंवा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून सद्भावनेनं स्वतःला तसं बांधील समजणाऱ्या माणसाचं कृत्य गुन्हा नाही. कलमाखालचं उदाहरण सैनिकाचंच आहे : वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याला धरून, जमावावर गोळी झाडणारा. ‘कायद्याला धरून’ हे शब्द मात्र नजरेआड करू नका. शिवाय कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय सैनिकाविरुद्धच्या गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. हे कवच भक्कम आहे.

त्याच संहितेचं कलम १९, म्हणजे मोठी हानी टाळायला सद्भावनेनं केलेल्या कृत्याला मिळणारी सूट, मला तितकं भरवशाचं वाटत नाही. त्याच्या उदाहरणातला जहाजाचा कप्तान वीस-तीस माणसांची होडी वाचवायला वळतो आणि दोन माणसांच्या होडीवर आदळण्याचा धोका पत्करतो. पण ती दुसरी होडी कदाचित वाचणारही असते! क्षेपणास्त्र सोडणाऱ्याला ‘कदाचित’ची सोय नाही. जर्मनीत असं विमान पाडण्याची मुभा देणारी तरतूद तिथल्या घटनात्मक न्यायालयानं १५ फेब्रुवारी २००६ ला रद्द केली : प्रवाशांना नुसती वस्तू समजून मारणं मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे, म्हणून. तरीही कुणी पाडलंच तर फौजदारी कायदा त्याच्याकडे कसं पाहील, हे मात्र न्यायालयानं उघडं ठेवलं.

आपल्याकडे २००५ च्या अपहरणविरोधी धोरणात शेवटचा उपाय म्हणून विमान पाडण्याची तयारी आहे. पण ते धोरण, संसदेचा कायदा नव्हे. २०१६ चा अपहरणविरोधी कायदा पाडण्याच्या अधिकाराविषयी बोलत नाही. हे भगदाड संसदेनं बुजवायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. वैमानिकाची मान त्यात अडकता कामा नये.

नकाराचं म्हणाल, तर हवाई दल अधिनियम, १९५० च्या कलम ४१ खाली हुकूम उघड धुडकावल्यास चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोडलेला हुकूम ‘कायदेशीर’ असावा लागतो, हे खरं. पण तो होता की नव्हता, याचा काथ्याकूट नंतर कोर्ट मार्शलमध्ये होणार. त्या जोरावर नकार देण्याचा सल्ला मी माझ्या मुलाला दिला नसता.

मला खरी भीती हुकमाची नाही, हुकमाविना सुटलेल्या क्षेपणास्त्राची वाटते. ८ जानेवारी २०२० ला तेहरानवर युक्रेनचं विमान पाडलं गेलं, १७६ माणसं गेली. इराणच्या लष्करी न्यायालयानं सर्वांत मोठी शिक्षा, दहा वर्षं, दिली ती वरून परवानगी न घेता डागणाऱ्या कमांडरला. तेव्हा मुलानं जपायचं ते एवढंच : ठरलेल्या साखळीतून, खातरजमा करून आलेला हुकूम, आणि स्वतःला दिसलेलं सगळं रेडिओवर बोलून टाकणं. विमान कुठल्या दिशेला, कॉकपिटमध्ये कोण दिसतं, इशाऱ्यांना उत्तर येतं का. ते ध्वनिमुद्रण हाच त्याचा लेखी कागद.

आणि हो, पत्रात तुम्ही त्याच्या स्क्वाड्रनचं नाव आणि तळ लिहिला होता. मी ते खोडलंय. पुन्हा कुठं लिहू नका.