छंद-संवाद : लाकडी जिगसॉ कापणारे आणि जोडणारे

कोल्हापुरातील एका ग्रंथालयात अलीकडे लाकडी जिगसॉ, म्हणजे चित्राचे कापलेले तुकडे जोडण्याची कोडी, मांडून ठेवली होती. तेव्हापासून या सदराकडे त्याविषयीची पत्रे येत आहेत. त्यातील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : परदेशात लाकडी जिगसॉ कापणारे कारागीर आणि ती जोडणारी हौशी मंडळी दोन-दोन दिवस एकत्र जमतात, असे माझा भाचा सांगतो. तेथे स्पर्धा असते का? नसेल, तर एवढा वेळ ही मंडळी करतात तरी काय?
(निवृत्त शिक्षिका, ताराबाई पार्क)

उत्तर : स्पर्धा आहे, पण तिची पंगत वेगळी आहे. स्पेनमधील वायादोलिद येथे २०१९ पासून जागतिक जिगसॉ स्पर्धा भरते. तेथे पुठ्ठ्याची कोडी घड्याळ लावून जोडली जातात. लाकडी जिगसॉवाल्यांना मुळात घाई नसते. अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात लंडनचा नकाशाकार जॉन स्पिल्सबरी याने महोगनीच्या पातळ फळीवर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमारेषांवर कापले आणि मुलांना भूगोल शिकवण्यासाठी विकले. तेव्हापासून या वस्तूचे मोल तिच्या कापणीत आहे. ब्रिटनमधील हौशी मंडळींनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या ‘बेनेव्होलंट कॉन्फ्रॅटर्निटी ऑफ डिसेक्टॉलॉजिस्ट्स’ या संस्थेच्या नावातही (‘डिसेक्ट’ म्हणजे कापणे) त्या कापलेल्या नकाशांचीच आठवण आहे. अशा संस्थांच्या मेळाव्यात प्रत्येक जण आपल्या संग्रहातील पेट्या घेऊन येतो, लांब टेबलांवर त्या उघडतो आणि दुसऱ्याची पेटी जोडायला बसतो.

पेटीवर बहुधा चित्र नसते, आणि खरी गंमत तेथेच आहे. ब्रिटनमध्ये १९३३ पासून चालत आलेले जिगसॉचे एक ग्रंथालय आहे. तेही सभासदांना चित्राविना लाकडी कोडी घरपोच पाठवते. चित्र नसल्यामुळे जोडणाऱ्याला कापणाऱ्याच्या हाताचाच माग काढावा लागतो, आणि कापणारे तर बिलंदर असतात. निळे आकाश आणि हिरवे झाड यांच्या नेमक्या सीमेवरून करवत फिरवली की रंग पाहून तुकडा जुळवण्याची सोयच उरत नाही. कोपरा दोन तुकड्यांत विभागला की चार कोपरे शोधणारा माणूस तासभर चकतो. सरळ कडेचे तुकडे मुद्दाम मधोमध घातलेले असतात, काही कोड्यांना तर सरळ कडच नसते. मध्येच घोडा, किल्ली, छत्री अशा ओळखीच्या आकारांचे तुकडे येतात. अमेरिकेतील ‘पार’ या १९३० च्या दशकातील कंपनीच्या कोड्यांत समुद्रघोड्याच्या आकाराचा एक तुकडा सहीसारखा असे. व्हरमाँटमधील ‘स्टेव्ह’ ही १९७४ मध्ये सुरू झालेली कंपनी तर अशा फसव्या कोड्यांसाठीच प्रसिद्ध आहे. तिने १९८९ मध्ये एप्रिल फूल म्हणून पाच तुकड्यांचे असे एक कोडे विकले, जे जुळणे शक्यच नव्हते, आणि नंतर ग्राहकांना पैसे परत केले.

मेळाव्यात कारागीर आपल्या कोड्याजवळ गप्प बसून असतो. कोणता तुकडा लोक हातात घेऊन परत ठेवतात, कोणत्या ठिकाणी सगळेच अडतात, कोठे त्यांना हसू फुटते, हे त्याला एरवी कधीच पाहायला मिळत नाही. माझ्या मते मेळाव्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. जुन्या पेट्यांची देवघेव, करवतीची प्रात्यक्षिके आणि हरवलेल्या तुकड्यांची दुरुस्ती ही कामेही चालतात, पण ती त्याच्या नंतर. (आपल्या कोल्हापुरात दोन माणसे समोरासमोर बसली की चीत कोण झाले, हे विचारल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले.)

प्रश्न : मी फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून तयार होतो ते नमुने, बनवतो. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रे, आल्यापासून हाताचे काम कमी झाले आहे. माझ्याकडे स्क्रोल सॉ (बारीक पात्याची यांत्रिक करवत) आहे. मला जिगसॉ कापता येतील का? लाकूड कोणते घ्यावे?
(एक पॅटर्न मेकर, शिवाजी उद्यमनगर)

उत्तर : आपल्याला हे काम इतरांपेक्षा लवकर जमेल. फक्त पॅटर्नच्या कामातली एक सवय मोडावी लागेल. साच्याच्या मातीतून पॅटर्न अलगद निघावा म्हणून आपण त्याच्या बाजूंना ड्राफ्ट देता, म्हणजे बाजू किंचित तिरपी ठेवता. जिगसॉत हा तिरपेपणा अजिबात चालत नाही. पाते टेबलाशी अर्ध्या अंशानेही कलले, तर तुकडा एका बाजूने सहज निघतो आणि दुसऱ्या बाजूने अडकतो. म्हणून कापायला बसण्यापूर्वी टाकाऊ प्लायचा एक गोल तुकडा कापून पाहावा. तो वरून आणि खालून सारख्याच सहजतेने निघाला, तरच पुढे जावे. ओतलेला धातू थंड होताना आकसतो म्हणून द्याव्या लागणाऱ्या वाढीव मापाचा हिशेबही येथे विसरावा, कारण शेजारचे दोन्ही तुकडे एकाच कापातून जन्माला येतात आणि त्यांच्यातील ढिलाई म्हणजे पात्याने खाल्लेले लाकूड, एवढेच असते. त्यामुळे पाते जितके बारीक, तितकी जोडणी घट्ट. जिगसॉ कापणारे पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचे पाते वापरतात. दातांचे तोंड खाली आणि चित्र वर ठेवले की कागद फाटत नाही. मागच्या बाजूला उठलेला लाकडाचा कूस बारीक पॉलिश पेपरने काढावा लागतो.

अखंड सागवान या कामाला वापरू नये, असे मी स्पष्टच सांगेन. तुकड्याच्या शेजाऱ्यात अडकणाऱ्या डोक्याची मान अरुंद असते, आणि अखंड लाकडाचा रेषा (तंतू) त्या मानेला आडवा आला की पहिल्याच जोडणीत डोके तुटून हातात येते. प्लायवूडमध्ये थरांचे रेषे एकमेकांना काटकोनात असल्यामुळे मान टिकते. मात्र बाजारातील स्वस्त प्लायच्या आतील थरांत पोकळ्या असतात, आणि पोकळी नेमकी मानेतच निघते. पाच थरांचे, साधारण सहा मिलिमीटर जाडीचे बर्च प्लाय सर्वांत चांगले. ते मिळाले नाही, तर टिंबर मार्केटमध्ये दुकानदाराकडून प्लायची कापलेली कड मागून घ्यावी आणि उजेडात धरून थर सलग आहेत का, हे पाहावे. चित्राचा कागद पूर्ण फळीवर सारखा चिकटवून, वजनाखाली रात्रभर ठेवल्यावरच करवत लावावी. कोपऱ्यात हवेचा फुगा राहिला, तर तेथील सगळ्या तुकड्यांचे कागद उचकटतात.

कापताना फळीचे आधी तीन-चार मोठे भाग करावेत आणि मग एकेका भागातून तुकडे सुटे करत जावे, म्हणजे हातात सांभाळायला लाकूड राहते. वेगाची चिंता सुरुवातीला करू नये. अमेरिकेतील पार्कर ब्रदर्स या कंपनीत विसाव्या शतकाच्या आरंभी कापणीचे काम करणाऱ्या स्त्रियांनी दिवसाला १४०० तुकडे कापावेत, अशी अपेक्षा असे. ती कारखान्याची गोष्ट झाली. घोडा किंवा किल्ली असा आकार घालायचा असेल, तर तो फळीवर आधी कापावा आणि भोवतीचे तुकडे त्याला जुळवत न्यावेत. उलट क्रमाने गेले की आकाराचे कान-शेपूट शेजाऱ्याच्या पोटात जातात.

पहिल्या कामासाठी मी कोल्हापूर जिल्ह्याचा नकाशा सुचवतो. स्पिल्सबरीच्या पद्धतीने बारा तालुक्यांच्या सीमांवर करवत फिरवावी. करवीरच्या भोवती पन्हाळा, हातकणंगले, कागल आणि राधानगरी अशी वळणावळणाची हद्द असल्यामुळे हाताला चांगली शिस्त लागते, आणि शाळांकडून मागणी येण्याची शक्यताही आहे. सीमेवर कापलेले तुकडे एकमेकांत अडकत नाहीत, नुसते टेकून बसतात. म्हणून भोवती चौकट द्यावी.

चित्रांबाबत एक इशारा. इंटरनेटवरील कोणतेही चित्र छापून विकू नये. आपल्याकडे चित्रावरील स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान १९३१ मध्ये आणि बाबुराव पेंटर १९५४ मध्ये वारले, त्यामुळे त्यांची मुदत संपलेली आहे. तरीही मूळ चित्र ज्यांच्या संग्रहात आहे, त्यांच्याकडून रीतसर परवानगी आणि चांगले छायाचित्र घ्यावे. आबालालांच्या निसर्गचित्रांतील पाणी आणि आकाश जोडणाऱ्याचा घाम काढील, यात शंका नाही.

प्रश्न : माझे लेझर कटिंगचे दुकान आहे. लेझरवर कापलेले जिगसॉ मेळाव्यात नेले, तर हाताने कापणारे नाके मुरडतील का?
(एक व्यावसायिक, राजारामपुरी)

उत्तर : काही जण मुरडतील, पण त्यांनी तसे करू नये. ब्रिटनमधील ‘वेंटवर्थ’ ही १९९४ पासूनची आणि अमेरिकेतील बोल्डर येथील ‘लिबर्टी’ ही २००५ पासूनची, या दोन्ही नामवंत कंपन्या लेझरनेच कापतात, आणि लाकडी कोडी मध्यमवर्गीयांच्या खिशाला परवडू लागली ती बऱ्याच अंशी अशा कंपन्यांमुळे. हाताने कापलेल्या मोठ्या कोड्याची किंमत हजारो डॉलरपर्यंत जाते. लेझरचा काप पात्यापेक्षाही बारीक असतो, म्हणून जोडणी घट्ट बसते. कडा करपून तपकिरी होतात आणि पेटी उघडताच जळक्या लाकडाचा वास येतो, पण तो काही दिवसांत ओसरतो. वॉटरप्रूफ प्लाय मात्र घेऊ नये. त्याच्या डिंकाचा थर लेझरने नीट कापला जात नाही आणि तुकडे मागून चिकटून राहतात. मुद्दा यंत्राचा नसून आराखड्याचा आहे. कापांच्या रेषांची तयार जाळी इंटरनेटवरून उतरवून प्रत्येक चित्रावर तीच मारणार असाल, तर नाके मुरडणाऱ्यांत मीही असेन.

प्रश्न : मैत्रिणीकडून आणलेल्या लाकडी जिगसॉचा एक तुकडा आमच्याकडे हरवला. आता काय करावे?
(एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : आधी सोफ्याच्या फटी, झाडूचा कचरा आणि धाकट्या मुलाचे खिसे पाहावेत. न सापडल्यास कोडे पूर्ण जोडून मोकळ्या जागेवर पातळ कागद ठेवावा आणि कडेने पेन्सिल घासून आकार उतरवून घ्यावा. तेवढ्याच जाडीच्या प्लायमधून कोणताही चांगला कारागीर तुकडा कापून देईल. चित्राचा भाग रंगवावा लागेल. मैत्रिणीला आधी सांगावे, दुरुस्ती मागाहून.

प्रश्न : आम्ही आठ-दहा जण कोल्हापुरात असा एक मेळावा भरवण्याच्या विचारात आहोत. दसरा चौकातील शाहू स्मारक भवनासारखी जागा मिळाली, तर तयारी काय करावी?
(एक गृहिणी, नागाळा पार्क)

उत्तर : तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातील घ्यावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लाय फुगते, घट्ट जोडणी आणखी घट्ट होते, आणि तुकडा ओढून काढताना कागद सुटतो. जागा ठरवताना सभागृहापेक्षा टेबले पाहावीत. लग्नकार्यात भाड्याने मिळणारी घडीची टेबले हलतात आणि मध्ये फट असते. ती घ्यायचीच असतील, तर वर प्लायची सलग फळी टाकून गडद, एकरंगी कापड अंथरावे, म्हणजे तुकडे घसरत नाहीत आणि नजरेला दिसतात. उजेड एका बाजूने यावा. डोक्यावरच्या नळीच्या दिव्याची चकाकी पॉलिश केलेल्या चित्रावर पडली, की रंगच कळत नाहीत. पंखे चालू ठेवायला हरकत नाही, लाकूड उडत नाही.

पहिल्या वर्षी कोडी वीस असली, तरी पुरेत. त्यांतील निम्मी शंभर ते दोनशे तुकड्यांची असावीत, नाहीतर नवखे लोक सकाळी बसतात आणि जेवणानंतर परत येत नाहीत. जेवणाचे टेबल दुसऱ्या खोलीत मांडावे. मिसळीचा कट एकदा लाकडात मुरला की निघत नाही. करवतीचे प्रात्यक्षिक व्हरांड्यात ठेवावे, कारण भुसा आणि आवाज दोन्ही जोडणाऱ्यांना नको असतात. आपल्या पत्राच्या आधी छापलेले उद्यमनगरच्या वाचकांचे पत्र पाहावे. त्यांची इच्छा असल्यास या सदरामार्फत आपण दोघांची गाठ घालून देऊ. विक्रीचे टेबल ठेवायचे की नाही, हा वाद पहिल्याच बैठकीत मिटवावा. मी ठेवावे म्हणेन, पण दाराजवळ, एकच.

सर्वांत मोठी जबाबदारी मोजणीची. प्रत्येक पेटीत तुकड्यांची संख्या, मालकाचे नाव आणि आधीच हरवलेल्या तुकड्यांची नोंद असलेली चिठ्ठी ठेवावी. दोन पेट्या एका टेबलावर कधीही उघडू नयेत. लहान मुलांचे टेबल वेगळे असावे आणि तेथे सुटे आकार असलेली जुनी कोडी ठेवावीत. संध्याकाळचा शेवटचा पाऊण तास केवळ मोजून पेट्या बंद करण्यासाठी राखावा, आणि शेवटची चिठ्ठी जुळल्याशिवाय सभागृहात कोणालाही झाडू मारू देऊ नये.