सांता क्लारा काउंटीत घर घेतल्यावर प्रॉपर्टी टॅक्सचं जादा बिल का येतं?

बँक एस्क्रोमधून (घरकर्जाच्या हप्त्यासोबत तुमच्याकडून घेऊन बाजूला ठेवलेल्या पैशांतून) टॅक्स भरत असताना काउंटीचं वेगळं बिल आलं, ते चुकून आलेलं नाही. ते सप्लिमेंटल, म्हणजे पुरवणी बिल आहे आणि बहुधा ते तुम्हालाच भरावं लागतं. बँकेला त्याची प्रत जात नाही, म्हणून ते कोण भरणार, हे आजच बँकेला विचारा.

कॅलिफोर्नियात १९७८च्या प्रॉपोझिशन १३ या कायद्यामुळे मूळ दर १ टक्का आहे आणि करपात्र किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. त्यामुळे जुन्या मालकाची किंमत कागदावर कमी राहिलेली असते. घर विकलं की ती एकदम खरेदी किमतीवर येते. समजा, त्यांची ६ लाख डॉलर होती, तुम्ही १५ लाखांना घेतलं. फरक ९ लाख. स्थानिक बाँड (शाळा वगैरेंसाठी काढलेल्या कर्जाची फेड) धरून दर १.२ टक्के असेल, तर वर्षाचे १०,८०० डॉलर. टॅक्सचं वर्ष जूनला संपतं, म्हणून ऑक्टोबरमध्ये घर नावावर झालं, तर नोव्हेंबर ते जून आठ महिन्यांचे ७,२०० डॉलर. जानेवारी ते मे दरम्यान घेतलं तर अशी दोन बिलं येतात.

नेहमीच्या बिलाचे हप्ते १० डिसेंबर आणि १० एप्रिलपर्यंत भरायचे; चुकले की १० टक्के दंड. सप्लिमेंटलच्या तारखा मात्र त्या बिलावरच छापलेल्या असतात, त्याच पाळा.

स्वतः राहत असाल तर होमओनर्स एक्झेम्प्शनचा अर्ज १५ फेब्रुवारीपर्यंत नक्की करा. करपात्र किंमत ७,००० डॉलरने उतरते, म्हणजे वर्षाला साधारण ७० डॉलर वाचतात.